बाजारवारी टाकलेले फोन

१

बोरटाकळीत टेलिफोनचं केंद्र आलं ते सटवाजीच्या पुढच्या खोलीत. गावात कोरडी, चुन्याची आणि दाराला धड कुलूप बसणारी खोली तेवढीच होती. बाकीच्यांच्या खोल्यांत कडबा तरी होता, नाहीतर पाहुणे. खात्याच्या माणसांनी भिंतीला लोखंडी कपाट उभं केलं, शेजारी बॅटऱ्या मांडल्या, पंखा लावला आणि चावी सटवाजीच्या हातात दिली. तेव्हापासून त्याचा रिवाज ठरून गेला. सकाळी कुलूप काढायचं, कोरड्या फडक्यानं कपाट पुसायचं, हिरवा दिवा लागलाय का बघायचं आणि खोलीतल्या फोनजवळ बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय घ्यायचा.

संशय हे त्याचं जन्माचं काम. दूधवाल्याच्या मापावर, व्याह्याच्या हसण्यावर, देवळातल्या घंटेवरसुद्धा. "मपल्या कानावर पडल्याबिगर मी कशालाच मान डोलावीत न्हाई," असं तो सांगायचा, आणि तसाच वागायचा.

दिवाळीत त्याला एक चटकाही बसला होता. लेक दैवशाला सासरी सुखात नाही, असं कुठूनतरी ऐकून बायकोनं, पार्वतीबाईनं, त्याला सोनपेठकडं पिटाळलं. तो गेला, आणि व्याह्याच्या ओसरीवर चार माणसांदेखत सरळ विचारलं, "मपल्या लेकीला काय तरास हाय?" दैवशालानं खाली बघत सांगितलं, "काय न्हाई आबा. कोण सांगितलं तुमाला?" व्याही हसला. सटवाजी पाणीसुद्धा न पिता माघारी फिरला. घरी येऊन बायकोला बजावलं, आता पोरगी आपल्या तोंडानं, माझ्या कानात 'न्यायला या' म्हणंल, तवाच पाय उचलीन. कुणाच्या निरोपावर नाही. तुझ्या तर नाहीच नाही.

दैवशालाला सासरच्या वाडीवरून बाहेर पडता यायचं ते फक्त बाजारच्या दिवशी. सोनपेठला स्टँडजवळ एका पानटपरीत फोन होता, तिथून ती बापाला फोन करायची. बोरटाकळीचा बाजारही त्याच वारी. मागच्या फोनात ती घाईघाईनं म्हणाली होती, "आबा, एक सांगायचंय. आज न्हाई, मागं माणसं हायत. पुढच्या बाजारला सांगते. तुमी फोनाजवळच बसा."

"बसतो," सटवाजी म्हणाला होता.

पण ते नामांतराचं साल. विद्यापीठाचं नाव बदलणार, नाही बदलणार, कुठं एस.टी. अडवली, कुठं दुकानं बंद. कुणाचा पोरगा औरंगाबादला शिकायला, कुणाचा नांदेडला. आठ गावची माणसं बाजारला आली की आधी फोनवर तुटून पडायची. केंद्राला एवढा बोजा पेलायचा नाही. भर दुपारी हिरवा दिवा जाऊन तांबडा लागायचा आणि सगळ्या गावचे फोन मुके व्हायचे. मग माणसं सटवाजीच्या दारात.

"यंत्र तुमच्या खोलीत, चावी तुमच्या कमरेला. तुमीच बंद करायलाव."

एकानं तर धोंडा भिरकावला. तो पार्वतीबाईच्या रांजणाला लागला.

सेलूहून दुरुस्तीला बन्सीधर यायचा. कामाला बरा, पण बोलताना समोरच्याकडं न बघता कपाटाकडं बघणारा. सटवाजीनं त्याला दारातच धरलं. "ह्याचा बंदोबस्त कर. न्हाईतर उचलून न्या मपल्या घरातून."

बन्सीधरनं पिशवीतून टाइपरायटरसारखं एक डबडं काढलं, वायर कपाटाला जोडली आणि थोडा वेळ बोटं आपटली.

"झालं मामा. रेघ खाली आणून दिली."

"कसली रेघ?"

"बोज्याची. तिच्यावर बोजा गेला की नवीन येईल तो फोन हे टाकून देणार. चालू हाय त्याला हात लावत न्हाई. नव्याला मात्र दार बंद. म्हंजे यंत्र बसत न्हाई."

"समद्यांचंच टाकतंय?"

"न्हाई, त्यात पायऱ्या हायत. आधी तुमच्याआमच्यासारखे. दवाखाना, कचेरी, पोलीस पाटील यांचे टाकीतच न्हाई."

सटवाजीला हे पटलं. जगातही तसंच चालतं. तरी त्यानं विचारलं, "टाकतंय म्हंजे कुठं टाकतंय?"

बन्सीधर वायर गुंडाळत हसला. "कुठं न्हाई. टाकलं म्हंजे ते आलंच न्हाई."

२

पुढचा बाजार एकदम निवांत गेला. दिवा दिवसभर हिरवा. दारात कुणी फिरकलं नाही, शिवी नाही, धोंडा नाही. सटवाजी फोनाजवळ बसून राहिला. पंखा फिरत होता, कपाट आतल्या आत गुणगुणत होतं. फोन वाजला नाही.

दुपार कलली तसा त्याला व्याह्याचा संशय आला. कोंडली असंल पोरीला. मग वाटलं, पोरगीच खोटी. दिवाळीत तोंडघशी पाडलं, आता वाट बघायला लावायली.

त्यानं आतल्या घराकडं बघून हाक दिली, "अगं, चहा टाक."

पार्वतीबाई मधल्या दारातून दिसत होती. सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती, हाकेच्या अंतरावर. तिनं मान वर केली नाही.

"अगं ए. चहा."

बोटं खडे वेचत राहिली. सूप आपटल्याचा आवाज त्याला लख्ख आला. म्हणजे कान शाबूत होते. ती मुद्दाम करत होती. लेकीला आणायला जात नाही म्हणून हा रुसवा. तो उठून तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, तशी ती दचकली.

"आवो, असं चोरावाणी कामून यायलाव? हाक तरी मारायची."

"दोन मारल्या."

"कवा?"

सटवाजीनं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. चाळीस वर्षं ज्या बाईचं खोटं त्याला पदराच्या हालचालीवरून कळायचं, तिचा पदर जागचा हलला नव्हता.

३

त्याच्या पुढच्या बाजारला माणिकराव पाटील सकाळपासून ओसरीवर येऊन बसला. गावचा पोलीस पाटील. बोलायला लागला की तंबाखू थुंकण्यापुरताच थांबायचा. नामांतर, कापसाचा भाव, कुणाच्या बैलानं कुणाला मारलं, सगळं एका दमात. सटवाजी दार उघडं ठेवून आत फोनाजवळ बसला होता आणि मधूनमधून एखादा शब्द टाकत होता. पाटील थांबत नव्हता, वळत नव्हता, हूं का चूं करत नव्हता. आधी सटवाजीला वाटलं, मोठेपणाची मस्ती. मग त्यानं मुद्दाम एक वंगाळ बोलून बघितलं, पाटलाच्या थोरल्या सुनेबद्दल. असं, की ज्यावर माणूस चप्पल काढतो.

पाटील कापसाचा भाव सांगत राहिला.

सटवाजीनं इकडंतिकडं बघितलं. त्यानं पितळी तांब्या उचलून फरशीवर सोडला. पाटील दचकून वळला. "काय पाडलंस रे सटवाजी?"

वस्तूंचे आवाज पोचत होते.

तो उठून उंबऱ्यावर आला. समोरच्या वाटेवर बाजार भरला होता. बैलगाडीची चाकं करकरत होती, तराजूची पारडी वाजत होती, हाटेलात भजी तळल्याचा चर्र आवाज येत होता. बोलणंही होतं, पण त्यात काहीतरी चुकत होतं. जे गप्पांत होते ते गप्पांतच होते. घोळका करून उभे असलेले बोलत होते आणि एकमेकांना ऐकत होते. मात्र त्यांच्या मागं कुणी येऊन तोंड उघडलं तर कुणी वळतच नव्हतं. बोरं विकणारी कडूबाई टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. गावात तिच्या आवाजाची कीर्ती अशी की शेजारच्या वस्तीवरची पोरं बोरं मागायची. आता तिचा जबडा वरखाली होत होता, गळ्याची शीर ताणली होती, आणि तोंडातून काही येत नव्हतं. माणसं तिच्याकडं न बघता जात होती. टोपली भरलेली.

तिनं सटवाजीकडं बघितलं. तिच्या नजरेत राग होता. 'तुमीबी?' असा.

तो आत आला आणि बाकावर बसला. म्हातारपण, त्यानं मनाला सांगितलं. कानात मळ बसला असंल. काही आवाज जातात, काही राहतात, असं होत असंल. पण मळ बसला तर तो माझ्या कानात. पाटलाला माझं का ऐकू गेलं नाही? आणि पाटलाचं मात्र सगळ्यांना कसं ऐकू जातं?

त्याची नजर कपाटावर गेली. हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

त्याही दिवशी फोन आला नाही. संध्याकाळी बाजार उठला, वाट मोकळी झाली, आणि पार्वतीबाई भाकरी थापताथापता सहज बोलली, "मग? काय ठरविलं?"

"कशाचं?"

"सकाळी सांगितलं की. सोनपेठच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दैवशालानं निरोप धाडलाय. आबाला म्हनावं लवकर या, फोन लागंना."

"तू मला काय सांगितलं न्हाई."

"दोनदा सांगितलं. तुमच्या म्होरं उभं राहून. तुमी त्वांड फिरवून कपाटाकडं बघत बसलाव."

"खोटं बोलायलीस. मला धाडायचा डाव हाय तुजा. दिवाळीवाणी."

पार्वतीबाईनं तव्यावरची भाकर उलटायची सोडली. "पोरीचा निरोप खोटा म्हंता?"

"मपल्या कानावर पडला न्हाई."

"तुमचं कान," ती म्हणाली. भाकर करपली. त्या घरात त्या दिवसापासून दोघं एकमेकांकडं चोर बघावा तसं बघायला लागली. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं आणि दोघांचंही खरं होतं.

४

तिसऱ्या बाजारच्या आदल्या दिवशी त्यानं सेलूला निरोप धाडून बन्सीधरला बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी, बाजारच्या दुपारी आला. बाजार ऐन भरात होता. मागच्या बाजारपासून अडलेली सोनपेठची गाडी आज सुटणार होती, आणि आत पार्वतीबाई गाठोडं बांधत होती. सटवाजीला तिनं काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं. त्याला आता ठरवता येत नव्हतं.

बन्सीधर दारात येऊन ओठ हलवायला लागला. सटवाजीनं त्याचा हात धरून त्याला खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं. पंखा बंद केला. मग अगदी जवळ, कानाला तोंड लावून बोलला, "आता ऐकू यायलंय?"

"यायलंय की. बहिरा हाय का मी?"

"फोन उचल."

बन्सीधरनं उचलला. "टोन हाय मामा. सगळ्या लायनी भरल्यात, त्याचा टोन."

"टोनच्या मधी ऐक. जिथं थांबतोय तिथं."

सटवाजीनं सकाळपासून तेच ऐकलं होतं. टूं, मग फट, मग टूं. त्या फटीत काहीतरी उभं असायचं. आवाज नव्हे, आवाजाच्या आधी माणूस श्वास घेतो तसं. एकदा त्याला 'दवाखान्यात' असं अर्धं ऐकू आलं, बाप्याच्या आवाजात. एकदा कुणी पोर रडत होतं. एकदा नुसतं 'बा.' एका फटीत एक, दुसऱ्या फटीत दुसरं. दाटीनं उभे होते, भरल्या एस.टी.च्या दाराशी उभे राहतात तसे.

"तारा एकात एक गेल्या असतील," बन्सीधर म्हणाला. "कायतरी झिरपत असंल."

"तुला ऐकू आलं मग."

"मला टोन ऐकू आला."

पण फोन त्यानं लगेच ठेवला नाही. चांगला वेळ कानाला लावून धरला. तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. मग फोन ठेवला आणि तो कान सदऱ्याच्या बाहीनं पुसला, ओलं काहीतरी लागावं तसा.

"बन्सीधर, रेघ वर घे."

"हुकूम हाय मामा. सगळं शांत होईस्तोवर रेघ खालीच ठेवायची. यंत्र बसलं तर मपली नोकरी जाईल."

"थोडी घे. एक मान्स आत यील एवढी." सटवाजीचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "मपली लेक बाहेर उभी हाय."

५

बन्सीधरनं डबडं जोडलं. बोटं आपटली. कपाटाची गुणगुण किंचित बदलली, झोपलेलं माणूस कूस बदलतं तशी.

फोन वाजला.

"आबा?" दैवशालाच होती. मागं स्टँडवरचा गलका, गाडीचा भोंगा. "आबा, आज मागं कुणी न्हाई. लवकर सांगते. मला न्यायला या. दिवाळीला मी खोटं बोलले. ते समदे बसले व्हते ना. तुमी या, मी उभ्या पावली यीन. ऐकायलाव ना?"

"ऐकायलोय गं. निघतो. आत्ता निघतो."

"आबा? आवो बोला की."

"निघतो म्हन्लं ना. सोनपेठची गाडी हाय आज."

"आबा, ऐकायलाव का?" ती थांबली. पलीकडं गाडी गेल्याचा आवाज आला. मग खट्. 

बन्सीधर दिव्याकडं बघत होता. "मामा," तो हळूच म्हणाला, "आज सोनपेठहून फोन येणार न्हाई. तिकडची लायन सकाळपासून बंद हाय."

सटवाजीला ते कळायच्या आत फोन पुन्हा वाजला.

"आबा, मागच्या बाजारला तुमी काय बोललाच न्हाई." आवाज तिचाच, पण आतून खरवडल्यासारखा. "कंडक्टरजवळ निरोप धाडलाय. मिळाला का? माय तरी असंल तिथं. मायला द्या. आबा, तुमी रागावलाव का? दिवाळीचं धरून बसलाव का मनात?"

सटवाजी ओरडला. पाटलाच्या सुनेबद्दल बोलताना ओरडला नव्हता एवढ्यानं ओरडला, की निरोप मिळाला, की मी रागावलो नाही, की तुझी माय गाठोडं बांधायलीय. त्याचा आवाज खोलीत घुमला, भिंतींना लागला आणि परत त्याच्याच अंगावर आला. फोनात तो शिरला नाही. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. तिचं वाट बघणं त्याला ऐकू येत होतं. खट्.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं लगेच उचलला नाही. बन्सीधरच त्याच्याकडं बघून मान हलवत होता, उचला म्हणून.

ह्या वेळी मागं स्टँडचा गलका नव्हता. कसलाच आवाज नव्हता.

"आबा, कळलं मला." ती अगदी शांत बोलत होती. लहानपणी ताप उतरल्यावर बोलायची तशी. "तुमी ऐकायलाव, पर तुमाला बोलायचं न्हाई. व्हय ना? आता येऊ नका. आता येऊन काय उपेग न्हाई. पुढच्या बाजारला मला येता येनार न्हाई. मी आता पुन्यांदा फोन करनार न्हाई आबा. हा शेवटचा."

खट्.

खोलीत कपाटाची गुणगुण तेवढी राहिली. बाहेर बाजार मोडायला लागला होता, गाड्या जुंपत होते, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. सटवाजी फोनवर हात ठेवून उभा होता. डोकं म्हणत होतं, दारात गाडी उभी हाय, जा. पाय उचलत नव्हते.

त्याच्या तळहाताखाली फोन वाजला.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. घंटी नेहमीचीच होती. वाजायची, थांबायची, वाजायची.

"दुसऱ्या कुणाचा असंल," बन्सीधर म्हणाला.

सटवाजीनं हात तसाच फोनवर दाबून धरला. मघाचे तीन उचलताना घंटी फोनातून आली होती. ही वाजत होती तेव्हा तळहाताखाली काही हालत नव्हतं, थरथरत नव्हतं. आणि दोन घंट्यांच्या मधल्या जागेत कुणीतरी श्वास घेत होतं. तारेच्या त्या टोकाला नव्हे. ह्या टोकाला, खोलीतच, कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या अंधारात, जिथं हात शिरेल एवढीसुद्धा जागा नव्हती. तिथं लुगड्याचा काठ दिसला, ओला. किंवा वायर असंल. त्यानं पुन्हा बघितलं नाही.

"मामा, उचला. उचला न्हाईतर वाजतच राहील."

जन्मभर जो माणूस म्हणत होता की कानावर पडल्याबिगर मी काही मानत नाही, त्यानं फोनवरचा हात काढला आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

"रेघ खाली घे," तो म्हणाला.

"आता तर म्हन्लाव—"

"घे खाली. समदी."

बन्सीधरची बोटं चुकली, पुन्हा आपटली. घंटी अर्ध्यात तुटली. कपाटामागं काहीतरी सरकलं, आणि मग तेही नाही.

दार ढकलून पार्वतीबाई आत आली. पायात वहाणा, काखेला गाठोडं, तोंड घामानं डबडबलेलं. तिनं फोनकडं बघितलं, मग नवऱ्याच्या कानांवरच्या हातांकडं. तिचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही. पण काय विचारतेय ते वाचायला कान लागत नव्हते. दैवशाला व्हती का? काय म्हन्ली?

बाहेर सोनपेठच्या गाडीनं भोंगा दिला.

सटवाजीनं हात खाली घेतले. सांगावं असं बरंच होतं, आणि त्यातलं एकही तिच्यापर्यंत पोचणार नाही, अशी त्याची खात्री होती. त्या खात्रीच्या आडोशानंच तो बोलला.

"बरी हाय म्हन्ली."

तेवढं मात्र तिला पहिल्या बोलात ऐकू गेलं. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं काखेचं गाठोडं उतरवलं आणि बाकावर ठेवलं.